हेडफोनच्या गादीचा घसारा

कॉमर्सच्या विद्यार्थिनीने हेडफोनवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण घसारा हा विषय आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि तो मला खऱ्या अर्थाने कळला तो कारखान्यातील यंत्रावरून नव्हे, तर कानाला लावायच्या बोटभर जाडीच्या गादीवरून.

आमचे घर वडगावात, विणकरांच्या वस्तीत. मधल्या भिंतीपलीकडे दोन पॉवरलूम आहेत. माग चालू असताना बोलायचे म्हणजे ओरडायचे, ही घरची रीतच. मागाच्या शेडमधला आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर जातो. अप्पांनी त्यात तीस वर्षे काढली. आता दाराची कडी वाजलेली त्यांना ऐकू येत नाही. अशा घरात सी. ए. फाउंडेशनची व्याख्याने मोबाईलवर ऐकायची, म्हणून मी १३०० रुपयांचा, सबंध कान झाकणारा हेडफोन घेतला. पहिले काही महिने तो लावला की माग जणू शेजारच्या गल्लीत गेल्यासारखे वाटत.

हे काम गादी करते. गादी केवळ कानाला मऊ लागावी म्हणून असते असा आपला समज असतो. मलाही तसेच वाटे. तिचे मुख्य काम कानाभोवतीची हवा बंदिस्त करण्याचे आहे. याची परीक्षा घरी करता येते. तबल्याची ध्वनिफीत लावा आणि गादी व गाल यांच्यामध्ये एक पेन्सिल धरा. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, चाटेची टकटक तेवढी उरते. खालच्या पट्टीतील आवाजाला हवेचा दाब टिकावा लागतो, आणि फटीतून तो दाब निसटतो. त्याच फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो. चष्म्याची दांडीसुद्धा थोडी फट पाडते. चष्मेवाल्यांनी म्हणूनच गादी जास्तच मऊ ठेवायला हवी.

आता माझी चूक सांगते. वेणी घालताना खोबरेल लावायची सवय, त्यावर घाम. तीन महिन्यांत गादी चिकट झाली. मी कापसावर सॅनिटायझर घेऊन ती रोज पुसू लागले. गादी लख्ख दिसे. पावसाळा सुरू झाला, आणि एके दिवशी आई म्हणाली, “काजळ पसरलंय की गं गालावर!” ते काजळ नव्हते. गादीच्या वरच्या थराचे काळे कपचे निघून गालाला चिकटले होते. कानातही दोन सापडले.

त्यानंतर जे झाले ते अधिक वाईट. थर फाटला तशी फट पडली, मागाचा आवाज आत येऊ लागला, आणि व्याख्यान नीट ऐकू यावे म्हणून मी मोबाईलचा आवाज चढवत गेले. रात्री माग बंद झाल्यावरही कानात बारीक शिटी वाजत राही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास ही मर्यादा धरली आहे. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुभा निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. हा हिशेब वहीत मांडला तेव्हा मी घाबरले, हे कबूल करते. ज्या आवाजापासून कान वाचवायचे म्हणून हेडफोन घेतला, तेच काम तो हेडफोन आतून करू लागला होता.

खडेबाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या अण्णांकडे गेले. ते गादी उलटसुलट करून म्हणाले, “नोड तंगी, बेवरिनाग उप्पु ऐती.” बघ बाई, घामात मीठ असते. मीठ, तेल आणि वर स्पिरिट, मग काय होणार, असा त्यांचा सूर होता. त्यांच्या बोलण्यावरून मी पुढे वाचत गेले, आणि दोष एकट्या घामाचा नाही हे कळले.

स्वस्त हेडफोनची गादी चामड्याची नसते. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. या पॉलियुरेथेनचा एक प्रकार असा आहे की हवेतील ओलावा त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडतो. तुटताना त्यातून आम्ल तयार होते आणि ते पुढची तूट आणखी वेगाने घडवते. उष्णता असली की ही क्रिया वाढते. कपाटात वर्षानुवर्षे न वापरता ठेवलेल्या बुटाचा तळवा पहिल्याच दिवशी भुगा होऊन पडतो, तो याच कारणाने. स्पिरिटने थर कोरडा होऊन तडकतो आणि ओलाव्याला वाट मिळते. वापराने होणारी झीज आणि केवळ काळ लोटल्याने होणारी झीज, अशी घसाऱ्याची दोन कारणे आम्ही पाठ करतो. ती दोन्ही माझ्या हातात होती. पहिली पुसून कमी करता येते. दुसरी फक्त लांबवता येते.

पुसण्याची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. रोज हेडफोन काढल्यावर कोरड्या सुती कापडाने घाम टिपावा. मी अप्पांच्या जुन्या धोतराचा तुकडा ठेवला आहे. आठवड्यातून एकदा वाटीभर पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब घालून कापड त्यात बुडवावे आणि घट्ट पिळून घ्यावे. ते ओलसर असावे, ओले नव्हे. त्याने गादीचा वरचा भाग व शिवण पुसावी, मग साध्या पाण्याच्या कापडाने साबण काढावा, शेवटी कोरड्याने टिपावे. शक्य असेल तर गादी काढूनच हे करावे, म्हणजे पाणी आतल्या स्पीकरवर जाणार नाही. पुष्कळ गाद्यांची कड खाचेत नुसती ताणून बसवलेली असते. बोट घालून फिरवले की निघते. काही खिट्टीच्या असतात, काही चिकटवलेल्या. आधी नीट पाहावे, ओढू नये. पुन्हा बसवताना कड वरच्या बाजूला खाचेत घालून बोटाने गोल फिरवत यावे. मला पहिल्यांदा अर्धा तास लागला आणि दोनदा रडू आले.

मखमली कापडाची गादी असेल तर काम हलके. ती काढून कोमट साबणपाण्यात धुता येते. पिळायची नाही, टॉवेलात दाबायची, आणि सावलीत चांगली दिवसभर वाळू द्यायची, कारण आतला स्पंज सावकाश सुकतो. १९६८ साली आलेल्या सेनहायझरच्या एच. डी. ४१४ ला तर नुसत्या स्पंजाच्याच, काढता येणाऱ्या गाद्या होत्या. मात्र मखमलीतून बाहेरचा आवाज जास्त आत येतो. माग शेजारी असणाऱ्यांना ती उपयोगाची नाही.

ऊन, केस वाळवण्याचे यंत्र, बुटाचे पॉलिश, खोबरेल यांपैकी काहीही गादीला लावू नये. न्हाल्यावर केस व कान ओले असताना हेडफोन घालू नये. पावसाळ्यात कानात बुरशी व्हायला तेवढे निमित्त पुरते. याच कारणाने दुसऱ्याचा हेडफोन पुसल्याशिवाय घेऊ नये, मग तो जिवलग मैत्रिणीचा का असेना. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम येतो. त्या दिवसांत हेडफोन प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर कोंडण्यापेक्षा पूर्ण वाळल्यावर डब्यात ठेवावा आणि बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकाव्यात.

इतके करूनही थर सुटू लागला, किंवा दाबलेला स्पंज वर येईना, तर गादी बदलावी. गोल की लंबगोल, बाहेरचे माप किती मिलिमीटर, एवढे मोजून नेले की पुरे. माझी जोडी २४० रुपयांना आली. अण्णांनी बसवायचे पैसे घेतले नाहीत. १३०० ची वस्तू टाकून देण्यापेक्षा हा खर्च दुरुस्ती व देखभाल खात्यात घालणे बरे, आणि तो वर्षाला एकदा येणारच असे धरून मी दरमहा २० रुपये वेगळे ठेवते. नव्या गाद्यांच्या आतल्या बाजूला बसवल्याची तारीख पेनने लिहिली आहे.

परवा माग बंद असताना अप्पांनी हेडफोन कानाला लावून पाहिला. “आवाज लहान येतोय की गं,” म्हणाले. मी रोज ऐकते तेवढाच तो होता.