मुके कार्ड बोलते कसे होते?

जुन्या संगणकावर मुक्त स्रोत प्रणाली बसविली, पडदा उजळला, कळफलकही चालू लागला. परंतु बिनतारी जाळ्याशी संबंध मात्र जुळत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. अशा वेळी कार्ड नादुरुस्त समजून ते यंत्र अडगळीत टाकले जाते. वस्तुतः पुष्कळ प्रसंगी कार्ड धडधाकट असते. त्याची भाषा प्रणालीला अवगत नसते, एवढेच.

अडचणीचे मूळ

कार्ड आणि प्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. तो लिहिण्यासाठी कार्डाच्या अंतर्रचनेची माहिती लागते. लिनस टॉरवॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स प्रणाली सर्वांसाठी खुली असली, तरी कार्डाचा उत्पादक आपली माहिती खुली करीलच असे नाही. ब्रॉडकॉम कंपनीची बीसीएम ४३ मालिकेतील बिनतारी कार्डे हे याचे ठळक उदाहरण होय. ती अनेक लॅपटॉपमध्ये होती; पण त्यांचा तांत्रिक तपशील कंपनीने प्रसिद्ध केलेला नव्हता.

यावर दोन उपाय निघाले. ‘एनडीआयएसरॅपर’ या साधनाने विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालविता येऊ लागला. काम भागले, परंतु त्या बंद आज्ञावलीतील दोष शोधणे वा सुधारणे कोणासही शक्य नव्हते. दुसरा उपाय चिकाटीचा होता. काही स्वयंसेवकांनी बंद ड्रायव्हरचे वर्तन अभ्यासून कार्डाचे वर्णन तयार केले. दुसऱ्या गटाने मूळ आज्ञावली न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आक्षेप येऊ नये, म्हणून ही विभागणी कटाक्षाने पाळली गेली. तो ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला आणि २००८ च्या प्रारंभी त्याची जागा ‘बी४३’ या सुधारित ड्रायव्हरने घेतली. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीनेच आपल्या काही नव्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

कृतीचा क्रम

प्रथम कार्डाची ओळख पटवावी. बाहेरील वेष्टनावरील नावावर विसंबू नये. एकाच नावाखाली निरनिराळ्या चिपा विकल्या जातात. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएन’ या पर्यायासह दिली असता कार्डाचा क्रमांक दिसतो. उदाहरणार्थ, १४ई४:४३१५ यातील पहिला भाग ब्रॉडकॉम कंपनीचा आणि दुसरा विशिष्ट चिपेचा निदर्शक आहे. यूएसबी कार्डासाठी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा वापरावी.

दुसरे, कळ तपासावी. अनेक लॅपटॉपना बिनतारी यंत्रणा बंद करणारी कळ असते. ‘आरएफकिल’ या आज्ञेने ती बंद आहे काय, हे कळते.

तिसरे, ‘डीमेसेज’ या आज्ञेने गाभ्याची नोंद वाचावी. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअरची फाइल सापडत नाही, असा उल्लेख तेथे वारंवार आढळतो. फर्मवेअर ही कार्डाच्या स्वतःच्या प्रक्रियकासाठी असलेली आज्ञावली होय. बी४३ साठी लागणारे फर्मवेअर सर्वांस वाटण्याची मोकळीक नसल्याने ते प्रणालीच्या तबकडीवर मिळत नाही. डेबियनमध्ये त्यासाठी स्वतंत्र पॅकेज आहे; ते कंपनीचा ड्रायव्हर जाळ्यावरून उतरवून घेते आणि त्यातून फर्मवेअर वेगळे काढते.

येथे एक पेच पडतो: जाळे जोडण्यासाठी फाइल हवी, आणि फाइल आणण्यासाठी जाळे हवे. त्यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रथम तारेने जोडणी करणे, किंवा मोबाइल फोन यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरणे. फाइल बसवून संगणक पुन्हा सुरू केल्यावर आसपासच्या बिनतारी जाळ्यांची नावे दिसू लागतात.

पुढील दक्षता

कोणत्या क्रमांकाच्या कार्डास कोणता ड्रायव्हर व कोणते फर्मवेअर लागले, याची नोंद संगणकाच्या नोंदवहीत ठेवावी. शिक्षक किंवा कर्मचारी बदलून गेल्यावर तीच उपयोगी पडते. नवीन कार्ड घेताना चिपेचा क्रमांक आधी विचारावा आणि लिनक्सच्या गाभ्यात त्याचा ड्रायव्हर आहे काय, याची खात्री करूनच खरेदी करावी. क्रमांक पाहिल्यावाचून मात्र कोणतेही कार्ड निकामी ठरवू नये.