तंत्राची ओढ आणि पुढची वाट

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे आपण सहज म्हणून जातो. पण पाय दिसले म्हणजे वाटही दिसली, असे होत नाही. दहावीचा निकाल जवळ आला की अनेक पालक आमच्याकडे एकच वाक्य घेऊन येतात, “आमच्या मुलाला टेक्नॉलॉजीची फार आवड आहे, त्याला कॉम्प्युटरलाच घालायचे आहे.” एक मुलगा मोबाइल सराईतपणे चालवतो, दुसरा बंद पडलेला मिक्सर खोलून बसतो. दोघांनाही ‘टेक्निकल डोक्याचा’ म्हटले जाते आणि दोघांचेही अकरावी सायन्सचे फॉर्म भरले जातात. लहानपणीच्या या आवडीचे पुढे नेमके काय होते, हे आपण काही खऱ्या उदाहरणांवरून पाहू. सुरुवात आपल्या बडोद्यातूनच करता येते.

कलाभवन आणि फाळके

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू केले. त्याची सूत्रे सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे होती. चित्रकला, रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय तेथे शिकवले जात. हातात कौशल्य असलेल्या मुलाला केवळ इंग्रजी येत नाही म्हणून शास्त्रापासून दूर राहावे लागू नये, यासाठी गुजरातीतून शिकवण्यावर गज्जरांचा भर होता. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. आज आपण ज्याला ‘टेक्नॉलॉजी फॅकल्टी’ म्हणतो, ती या कलाभवनातूनच वाढली.

या कलाभवनाशी एका मराठी तरुणाचे नाव जोडलेले आहे, धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान, मुलाची ओढ मात्र चित्रे, नाटक आणि जादूकडे. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते बडोद्याला आले. कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा अभ्यास केला. गज्जरांनी त्यांना तेथील फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. एका शिक्षकाने एका मुलावर टाकलेला हा विश्वास पुढे किती फळाला आला, हे आपण जाणतोच.

पण ते फळ लगेच आले नाही. गोध्र्यात फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी, मग ब्लॉक तयार करण्याचा आणि छपाईचा व्यवसाय, अशी वळणे त्यांनी घेतली. मुंबईत चलच्चित्र पाहून ते झपाटले, १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा रुजवला आणि त्याच्या वाढीचे एकेक चित्र घेत रोपटे पडद्यावर भराभर वाढताना दाखवले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. फोटो, आरेखन, रसायने, छपाई, जादू, जे जे शिकले ते सारे त्या एका कामात उपयोगी पडले. विशीतल्या फाळक्यांना कोणी ‘तू कोण होणार?’ असे विचारले असते, तर खरे उत्तर देता आले नसते. कारण तो व्यवसाय तेव्हा भारतात नव्हताच.

रंग चुकले, रेषा सापडल्या

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये त्यांचा जन्म झाला. यांचेही वडील शास्त्रीपंडित. मुलाचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांना हे रुचले नाही, पण थोरल्या भावाने पाठबळ दिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणरावही जे. जे. मध्ये दाखल झाले. पुढे कळले की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलासाठी केवढा हा धक्का! त्यांनी रंग सोडले, रेषा धरल्या. यांत्रिक आरेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून ते बेळगावी आले, शेतीची अवजारे करू लागले. १९०३ च्या सुमारास त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती; तिच्याशी झगडत तो विकावा लागला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

चित्रकलेचा मार्ग बंद झाला, तरी वस्तू नीट पाहून कागदावर उतरवण्याची सवय त्यांच्यापाशी राहिली, आणि तिच्याच बळावर कारखाना उभा राहिला.

पदवीनंतरही वाट बदलते

तिसरे नाव आपल्याच शहरात वाढलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांचे. त्यांचे आईवडील दोघेही शास्त्रज्ञ. १९७१ मध्ये त्यांनी आपल्या विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले, अमेरिकेत १९७६ मध्ये त्याच विषयात पीएच.डी. मिळवली, आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन ते जीवशास्त्र शिकू लागले. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही रसायनशास्त्राचे! भौतिकशास्त्राने दिलेली दृष्टी त्यांना तेथे कामी आली.

तिघांच्या आयुष्यातून आम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसते. बालपणीची आवड कोणत्या शाखेत जावे हे क्वचितच सांगते. मूल काम कसे करील, हे मात्र ती पुष्कळदा सांगते. म्हणून शाखेची घाई करण्याआधी त्या आवडीला हात चालवायला जागा आणि वेळ द्यायला हवा.

पालकांसाठी

मुलाला काय आवडते एवढेच विचारू नका. तो काय करतो ते पाहा. यंत्र बिघडल्यावर तो ते बाजूला ठेवतो की कारण शोधतो? एखादा कॉम्प्युटर गेम खेळून थांबतो की तसा आपल्यालाही करता येईल का, असे विचारतो? तयार वस्तू वापरण्याचे कसब आणि वस्तू घडवण्याची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ वापरण्याच्या हौसेवर इंजिनियरिंगची चार वर्षे निघत नाहीत. आणि ही ओढ मुलींमध्येही असते. घरातला फ्यूज बदलायला फक्त मुलालाच हाक मारू नका.

दुसरे असे की, दहावीनंतर डिप्लोमाला गेलेला मुलगा मागे पडला, असे मानू नका. ज्याचे डोके हातातून चालते त्याला वर्कशॉप लवकर मिळणे हिताचे असते, आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. उलट, गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाला ‘कॉम्प्युटरची आवड आहे ना’ म्हणून ए ग्रुपला घालणे हा त्याच्यावर अन्यायच.

विद्यार्थी मित्रांनो,

एक वही करा. काय खोललेत, काय जोडलेत, काय फसले आणि का, हे तारीख घालून लिहा. वीज असेल तेथे मोठ्यांना सोबत घ्या. ‘स्क्रॅच’सारख्या मोफत साधनावर छोटा प्रोग्राम करून पाहा. वर्षभराने ती वही वाचा. कोणती पाने भरभरून लिहिली गेली आहेत आणि कोणती कोरी राहिली, यावरून तुमच्या आवडीचा अंदाज कोणत्याही कल-चाचणीइतकाच येईल.

विश्वस्तांना विनंती

गज्जरांनी फाळक्यांना सर्वांत आधी दिली ती एक उघडी प्रयोगशाळा. आपल्या शाळेतही एक खोली, मजबूत टेबल, पाने-पेचकस, सोल्डरिंगची इस्त्री, जुने रेडिओ आणि देखरेखीला एक शिक्षक एवढे आठवड्यातून एक दुपार मिळावे. खर्च थोडा आहे. तेथे येणारी सगळी मुले इंजिनियर होणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण फॉर्म भरण्याच्या दिवशी ‘मला काय जमते’ हे प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवावरून सांगता येईल. तेवढे झाले तरी पुष्कळ आहे.