रॅम बदलली अन् कॉम्प्युटर सुरूच होईना? आधी हे पाहा

ताईंनो, माविमचं लोकसंचालित साधन केंद्र असो की उमेदचा प्रभागसंघ, गटांचे हिशेब आता रजिस्टरसोबत कॉम्प्युटरवरही असतात. तो हळू चालतो म्हणून आपण नवी रॅम किंवा एसएसडी बसवतो. कधी कधी नेमका त्यानंतरच तो सुरू होत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "फॉर्मेट मारून टाका."

थांबा! फॉर्मेट म्हणजे डिस्क कोरी करणं. त्यात बचत, कर्ज, परतफेड, बँकेची प्रकरणं सगळंच पुसलं जाऊ शकतं. बिघाड रॅममध्ये असेल तर फॉर्मेटनं तो जाणारही नाही.

एकच प्रश्न विचारा : मधात काय बदललं?
भाजीत नवा मसाला टाकला अन् चव बिघडली, तर आपण आधी मसालाच पाहतो. इथंही तसंच. काल चालत होता, आज नाही, म्हणजे पहिला संशय नव्या भागावर किंवा तो बसवताना हललेल्या वायरीवर.

डबा उघडण्याआधी
कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. धातूच्या बांगड्या, अंगठी काढा, पदर खोचून घ्या. डब्याच्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. वीजपुरवठ्याची पेटी (एसएमपीएस) मात्र कधीच उघडू नका, शॉक बसतो.

आता क्रमाने पाहा

१. काहीच हालचाल नाही : बोर्डात वीज आहे का? डब्यामागचं बटण चालू आहे का? आतल्या वायरी घट्ट आहेत का?

२. पंखा फिरतो, पडदा काळा : मॉनिटरची वायर तपासा. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर वायर त्या कार्डालाच लावा.

३. बीप-बीप आवाज येतो : बऱ्याचदा ही रॅमची तक्रार असते. किती बीप वाजले ते लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते, मेकॅनिकला ती कामी येते.

४. रॅम पुन्हा बसवा : रॅम काढा, तिचा सोनेरी काठ पेन्सिलच्या खोडरबरनं हलका पुसा, कण झटका. खाच जुळवून 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. डीडीआर-३ ची रॅम डीडीआर-४ च्या जागेत बसत नाही, कारण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला थोडा वेळ लागू शकतो, दोन-तीन मिनिटं वाट पाहा.

५. नवी काढा, जुनी लावा : जुन्या रॅमवर सुरू झाला, तर नवी रॅम खराब आहे किंवा या मशीनला जुळत नाही. बिल दाखवून बदलून घ्या.

६. अक्षरं येतात, विंडोज येत नाही : 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं, तर डिस्कच्या दोन्ही वायरी पाहा, एक विजेची, एक माहितीची. नवी एसएसडी कोरीच येते. तिच्यावर विंडोज टाकलं नसेल तर जुनी डिस्क लावूनच कॉम्प्युटर सुरू होईल.

७. ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागतो : हे बिटलॉकर नावाचं कुलूप आहे. अंदाजे आकडे टाकू नका. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं कॉम्प्युटर सुरू केला, त्यात ती की बहुधा सापडते.

दुकानात नेताना
अमरावतीत न्या की अकोल्यात, "डेटा पुसायचा नाही" हे कामाच्या पावतीवर लिहून घ्या. जुनी डिस्क परत मागा. तिच्यात आपल्या बायांच्या आधारच्या प्रती अन् खाते क्रमांक असतात, ती दुकानात सोडू नका.

खर्च करण्याआधी
विंडोज १० ची मोफत सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. रॅम वाढवली म्हणजे विंडोज ११ चालेलच असं नाही, त्याला टीपीएम २.० आणि चालणारा प्रोसेसरही लागतो. ते आधी विचारा, मग पैसे काढा.

पुढच्या मासिक बैठकीसाठी प्रश्न
आज आपला कॉम्प्युटर बंद पडला, तर हिशेबाची दुसरी प्रत कुठं आहे? उत्तर "नाही" असेल तर त्याच दिवशी पेनड्राइव्हवर प्रत काढा, कोणाकडं ठेवली ते ठराव वहीत लिहा. रॅम पुन्हा विकत मिळते, पुसलेला हिशेब विकत मिळत नाही.