वजनकाटा आणि लघुउद्योगाचा ताळेबंद

लघुउद्योगांच्या अडचणींचा विचार करताना भांडवल, कर्ज, वीज व बाजारपेठ या चार गोष्टींवर भर दिला जातो. मोजमाप ही पाचवी गोष्ट त्यात सहसा येत नाही. वास्तविक कच्चा माल वजनावर घेतला जातो, तयार माल बहुधा वजनावर विकला जातो आणि उरलेले भंगारही वजनावरच जाते. या तिन्ही ठिकाणी काटा अचूक नसेल, तर हिशेबाची वही कितीही नेटकी असली तरी तिच्यातील आकडे विश्वासार्ह ठरत नाहीत.

या दृष्टीने बेंगळुरूमधील राजाजीनगर हा भाग अभ्यासण्याजोगा आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारे हे उपनगर औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. कर्नाटक राज्य लघुउद्योग विकास महामंडळाचे मुख्य कार्यालय, डेन्मार्कच्या सहकार्याने १९७२ मध्ये सुरू झालेले शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्र आणि केंद्र सरकारचे सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास व सुविधा कार्यालय या वसाहतीत आहे. सुटे भाग तयार करणारी आणि मोठ्या कारखान्यांसाठी जॉबवर्क करणारी छोटी युनिटे हे अशा वसाहतींचे वैशिष्ट्य होय. तेथील कामाच्या प्रत्येक टप्प्यावर काट्याचा संबंध येतो.

साहित्याचा ताळेबंद

समजा, एका लेथ कारखान्यात १०० किलो पितळी सळई आली. तिच्यापासून ६२ किलोचे सुटे भाग तयार झाले आणि ३५ किलो धातूचा कीस निघाला. बेरीज ९७ किलो होते. उरलेले ३ किलो कोठे गेले, हा प्रश्न विचारता येतो तो केवळ तिन्ही वेळा वजन झाले म्हणून. आवक कमी आली असेल, कीस व्यवस्थित गोळा झाला नसेल किंवा भंगार घेणाऱ्याच्या काट्यात दोष असेल. कारण कोणतेही असो, शोध तेथूनच सुरू होतो. जॉबवर्कमध्ये तर माल दुसऱ्याच्या मालकीचा असतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल सर्वसाधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो. त्याचा हिशेब देताना वजनाच्या नोंदी हाच लहान उद्योजकाचा आधार असतो.

वजनावरून मोजणी

स्क्रू, वॉशर यांसारख्या वस्तू एकेक करून मोजणे वेळखाऊ असते. त्यासाठी मोजणी करणारा इलेक्ट्रॉनिक काटा वापरतात. नमुन्यातील नगांचे वजन करून एका नगाचे सरासरी वजन काढले जाते आणि एकूण वजनाला त्याने भागले जाते. एका स्क्रूचे वजन २.४ ग्रॅम असेल, तर १२ किलो मालात ५,००० स्क्रू असतात. मात्र येथे नमुन्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. काटा १ ग्रॅमपर्यंतच वाचत असेल आणि नमुना १० नगांचा, म्हणजे २४ ग्रॅमचा असेल, तर अर्ध्या ग्रॅमच्या फरकाने सुमारे २ टक्के चूक होते. ५,००० नगांमागे ती सुमारे १०० नगांची भरते. नमुना १०० नगांचा घेतल्यास हीच चूक सुमारे १० नगांवर येते. म्हणजे नवा काटा न घेता केवळ पद्धत सुधारून अचूकता दहापट वाढते.

पाकिटातील जादा माल

मसाले, पिठे यांसारख्या आवेष्टित वस्तूंच्या उद्योगात वेगळा प्रश्न असतो. माल कमी भरू नये म्हणून प्रत्येक पाकिटात थोडा जास्त भरला जातो. ५०० ग्रॅमच्या पाकिटात ५ ग्रॅम जादा गेले आणि रोज ८०० पाकिटे भरली, तर दिवसाला ४ किलो आणि २५ कामाच्या दिवसांत १०० किलो माल फुकट जातो. किलोला २५० रुपये दर धरल्यास ही रक्कम दरमहा २५,००० रुपये होते. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ५०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची त्रुटी अनुज्ञेय असली, तरी तपासलेल्या नमुन्यांची सरासरी घोषित वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणून कमी भरणे हा उपाय नव्हे. पाकिटापाकिटांतील वजनाचा चढउतार कमी करणे हाच खरा उपाय आहे.

काटा आणि गुरुत्वाकर्षण

दांडीच्या तराजूत दोन पारड्यांतील वस्तुमानांची तुलना होते, त्यामुळे ठिकाण बदलले तरी उत्तर बदलत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यातील लोड सेल मात्र वस्तूमुळे पडणारा दाब मोजतो. भारामुळे धातूचा तुकडा किंचित वाकतो, त्यावरील स्ट्रेन गेजचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचे रूपांतर आकड्यात होते. हा दाब गुरुत्व त्वरणावर अवलंबून असतो. दिल्लीत त्याचे मूल्य सुमारे ९.७९१, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूत ते सुमारे ९.७८० मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. फरक सुमारे ०.११ टक्के. दिल्लीत जुळवलेला ३० किलो क्षमतेचा काटा तसाच बेंगळुरूत वापरला, तर पूर्ण भारावर तो सुमारे ३३ ग्रॅम कमी दाखवील. मध्यम अचूकतेच्या वर्गातील, ५ ग्रॅम भाग असलेल्या अशा काट्यास प्रथम पडताळणीच्या वेळी पूर्ण भारावर केवळ ७.५ ग्रॅमची त्रुटी अनुज्ञेय असते. वापराच्या ठिकाणी प्रमाण वजनांनी अंशशोधन का करावे लागते, हे यावरून स्पष्ट होते.

कायदेशीर चौकट

स्वातंत्र्यापूर्वी शेर, मण, तोळा यांची मापे प्रदेशागणिक बदलत असत. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून वजनांच्या बाबतीत ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पुढे १९७६ व १९८५ चे कायदे आले. त्या दोहोंची जागा वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ ने घेतली. हा अधिनियम १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वजने व मापे यांची मानके ठरवणे हा विषय संघसूचीत (नोंद ५०) आहे. मानके ठरवण्याव्यतिरिक्त वजने-मापांचा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत (नोंद ३३अ) आला. त्यामुळे नमुन्याला मान्यता केंद्र सरकार देते, तर दुकान व कारखान्यातील काट्यांची पडताळणी आणि मुद्रांकन राज्याची यंत्रणा करते. साधी वजने व दांडीचे तराजू यांची फेरपडताळणी २४ महिन्यांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्यांची १२ महिन्यांनी आवश्यक असते.

या साखळीचे मूळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळा तिला राज्यांच्या यंत्रणांशी जोडतात. अशी एक प्रयोगशाळा बेंगळुरूमध्येच आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांक स्थिरांकावर आधारलेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्र संघटनेची प्रमाणपत्रे देऊ शकणारा तेरावा देश ठरला. त्यामुळे येथील काटे उत्पादकांना निर्यातीसाठी लागणारे प्रमाणपत्र देशातच मिळण्याची सोय झाली.

पुढील दिशा

वार्षिक मुद्रांकनामुळे कायद्याची पूर्तता होते, परंतु रोजच्या अचूकतेची हमी मिळत नाही. वर्षभराच्या वापरात धूळ, धक्के आणि क्षमतेपेक्षा जास्त भार यांमुळे काटा बिघडू शकतो. काटा समतल व वाऱ्यापासून दूर ठेवणे, दररोज काम सुरू करताना शून्य तपासणे, ज्ञात वजन ठेवून नोंद करणे आणि दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घेणे या सवयींना फारसा खर्च येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. एवढ्या लहान उद्योगाला मालाची एक-दोन टक्के गळतीही नफ्यातून भरून काढावी लागते. कामगाराची मजुरी नगांवर ठरत असेल, तर चुकीच्या मोजणीचा फटका त्यालाही बसतो आणि अखेरीस ग्राहकाचा विश्वासही त्याच काट्यावर तोलला जातो. उत्पादकता वाढवण्याच्या योजना आखताना यंत्रसामग्री व कर्जपुरवठ्याच्या जोडीने मोजमापाच्या प्रशिक्षणालाही स्थान मिळाल्यास अल्प खर्चात मोठा लाभ साधता येईल.