कंटिन्युअस, कंटिन्युअल, कंटिन्युइंग: सहीच्या आधी फरक समजून घ्या

आपल्या नरसीत अखंड हरिनाम सप्ताह काय असतो हे कुणाला सांगायला नको. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारेकरी बदलतात, वीणा चालूच. हे झालं ‘कंटिन्युअस’, म्हणजे मध्ये खंडच नाही. हरिपाठ रोज संध्याकाळी होतो, थांबतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा होतो. हे ‘कंटिन्युअल’.

आता दुकानात बघा. डीप फ्रीजरला वीज लागते ती कंटिन्युअस. गिऱ्हाईकांची ये-जा असते ती कंटिन्युअल.

तिसरा शब्द खिशाला लागणारा: ‘कंटिन्युइंग गॅरंटी’. मित्राला होलसेलवाल्याकडून उधारीवर माल मिळावा म्हणून तुम्ही जामीन राहिलात आणि कागदावर हा शब्द असला, तर जबाबदारी एका बिलापुरती नाही, पुढच्या व्यवहारांचीही आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२९ मध्ये हेच आहे. कलम १३० प्रमाणे होलसेलवाल्याला नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती जामिनकी मागे घेता येते. आधीच्या उधारीची जबाबदारी मात्र राहतेच.

म्हणून विचारा: रक्कम किती, मुदत कुठपर्यंत? दोन्ही कागदावर लिहून घ्या, मगच सही करा.