क्लासची जागा घेण्याआधी: इमारतीची धोका-तपासणी कशी करायची?

मागच्या व्हिडिओत आपण व्यवसाय प्रशिक्षण केंद्राचा खर्च मांडला. आजचा धडा जागेचा. पालमसारख्या तालुक्याच्या गावात शिवण क्लास, वेल्डिंग किंवा गाडी दुरुस्तीचं केंद्र काढायचं, तर बहुतेक वेळा जुनं गोदाम नाहीतर बंद पडलेलं दुकानच भाड्याने मिळतं. भाडं कमी, म्हणून आपण लगेच हो म्हणतो.

मीही तसंच केलं होतं. पहिल्या क्लाससाठी घेतलेली जागा आधी औषध-खताचं गोदाम होती. चुना मारला, बाकडी टाकली, मोकळा झालो. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद झाल्यावर पोरांची डोकी दुखायला लागली. पाच महिन्यांत जागा सोडली. डिपॉझिट गेलं आणि मुलं दुसरीकडे गेली. तपासणीला एक दिवस लागला असता.

तो दिवस कसा घालवायचा? वही-पेन घ्या.

1. आधी इथे काय होतं?
हा प्रश्न घरमालकाला विचाराच, पण शेजारच्या दुकानदारालाही विचारा. कीटकनाशक, बॅटरी किंवा जुनं ऑइल ठेवलेलं असेल तर फरशीवरचे डाग आणि कोपऱ्यातला वास बघा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तीच औषधं जिथे साठवली, तिथे मुलं रोज सहा तास बसणार आहेत, हे लक्षात ठेवा.

2. छप्पर आणि रंग
जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड असेल तर त्याला हात लावू नका. फुटलेला असेल, किंवा पंख्यासाठी भोक पाडायचं असेल, तर थांबा. त्याची धूळ फुफ्फुसात जाते आणि कॅन्सरचं कारण ठरते. रंगाचंही तसंच आहे. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा खरवडू नका. भिंत ओली करून मगच काम करा.

3. पाणी
बोअरचं पाणी गोड लागलं म्हणजे चांगलं असं नाही. नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. पाणी उकळून हे दोन्ही जात नाहीत, उलट थोडे वाढतातच. त्यासाठी आरओ लागतो, म्हणजे तो खर्च आत्ताच हिशोबात धरा.

4. जमीन आणि पूर
आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भिंतीला तिरपी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा आणि महिन्याने परत बघा. भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर इंजिनिअरला दाखवा. पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा.

5. वीज आणि बाहेर पडायची वाट
वायरमनला घेऊन जा. अर्थिंग आहे का? 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय का? वेल्डिंग मशीनचा लोड मीटरला झेपेल का? आणि आग लागली तर मुलं कुठून बाहेर पडणार? 24 मे 2019 रोजी सुरतच्या तक्षशिला इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधले 22 विद्यार्थी गेले. एकच जिना आणि खिडक्यांना जाळी, अशी जागा घेऊच नका.

आता मार्क द्या
प्रत्येक धोक्याला दोन आकडे द्या: घडण्याची शक्यता (1 ते 3) आणि परिणाम (1 ते 3). दोन्हींचा गुणाकार करा.

- अखंड सिमेंट पत्रा: 1 × 3 = 3. नोंद ठेवा, छेडू नका.
- भिंतीची भेग: 2 × 2 = 4. लक्ष ठेवा.
- नायट्रेट जास्त असलेलं पाणी: 3 × 2 = 6. क्लास सुरू व्हायच्या आधी उपाय करा.
- फुटका पत्रा: 3 × 3 = 9. दुरुस्ती होईपर्यंत सही नाही.

6 किंवा त्याहून जास्त आलं की घरमालकाशी बोला. "दादा, जागा आवडली, पण एवढी कामं आधी करून द्या, नाहीतर भाड्यातून वळती करा." दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत करणार, हे भाडेकरारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

एक लक्षात ठेवा. आईबाप आपलं लेकरू तुमच्या भरवशावर पाठवतात. मशीन बिघडलं तर दुसरं आणता येतं, पण तो भरवसा एकदा गेला की गावात क्लास चालत नाही.

गृहपाठ: तुमच्या मनात असलेल्या जागेत उद्याच जा, हे पाच मुद्दे तपासा आणि मार्क लिहा. पुढच्या भागात भाडेकरार कसा वाचायचा ते बघू. तोपर्यंत सही करू नका!