खनिज, पण सेंद्रिय! हम्बोल्टाइनची ओळख आणि एका व्याख्येचा फेरविचार



"खनिज म्हणजे काय?" असा प्रश्न पेपरात आला की मुलं एका दमात लिहितात : निसर्गात आढळणारा, ठरावीक रासायनिक संघटन आणि स्फटिक रचना असणारा असेंद्रिय घन पदार्थ म्हणजे खनिज. आपणही बरोबरची खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. व्याख्या सोपी आहे, लक्षात राहते आणि बहुतेक सगळ्या खनिजांना लागूही पडते. पण तिच्यातला "असेंद्रिय" हा शब्द खरंच तिथे हवा का?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण समजा, वर्गातल्या एखाद्या मुलीने कुठेतरी वाचून विचारलं, "बाई, सेंद्रिय खनिज असतं का हो?" तर आपण काय उत्तर देणार? "पुस्तकात नाही, म्हणजे नाही" असं म्हणालो, तर बरोबर विचार करणारं मूल गप्प बसेल. म्हणून आज एका दुर्मीळ खनिजाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव हम्बोल्टाइन.

हम्बोल्टाइन म्हणजे काय?

रसायनशास्त्राच्या भाषेत हे फेरस ऑक्झलेट डायहायड्रेट. म्हणजे लोहाचा एक आयन, ऑक्झलेटचा एक आयन आणि पाण्याचे दोन रेणू. वजनाने पाहिलं तर यात सुमारे ३१% लोह, २०% पाणी आणि उरलेलं जवळपास ४९% ऑक्झलेट असतं.

ऑक्झलेट आपल्याला परकं नाही. आंबुटीची आंबट पानं लहानपणी कितीतरी जणांनी चघळली असतील. त्या वनस्पतीच्या वंशाचं शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस आणि त्यावरूनच ऑक्झॅलिक आम्लाला नाव मिळालं. नीट न शिजलेलं अळू खाल्लं की घसा खाजतो, तोही पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. बारावीच्या प्रयोगवहीत पोटॅशियम परमँगनेटसोबत अनुमापनाला घेतात ते आम्लही हेच.

इथे मुलं एक शंका हमखास काढतात : कॅल्साइटमध्येही कार्बन असतो, मग ते असेंद्रिय आणि हे सेंद्रिय, असं का? कॅल्साइट हे कार्बोनेट. त्यातला प्रत्येक कार्बन फक्त ऑक्सिजनला जोडलेला असतो. ऑक्झलेटमध्ये मात्र दोन कार्बन अणू थेट एकमेकांना जोडलेले असतात आणि ते एका कार्बनी आम्लाचा क्षार आहे. कार्बोनेटांना परंपरेने असेंद्रिय संयुगांत धरतात, ऑक्झलेटांना सेंद्रिय. खनिजांच्या स्ट्रुन्झ वर्गीकरणात दहावा वर्ग सेंद्रिय संयुगांचाच आहे आणि हम्बोल्टाइन त्यात मोडतं.

शोधाची गोष्ट

हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं १८२१ साली. नमुना होता बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कोरोझ्लुकी या गावाजवळच्या तपकिरी कोळशातला. त्याचं वर्णन केलं मारियानो दे रिवेरो या पेरू देशातल्या अरेकिपा शहरात जन्मलेल्या तरुणाने. तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता आणि युरोपात शिकत होता. दक्षिण अमेरिकेचा निसर्ग अभ्यासणारे थोर संशोधक अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचं नाव त्याने या खनिजाला दिलं.

आता काळ लक्षात घ्या. सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच, एका खास जीवनशक्तीमुळे तयार होतात, असं तेव्हा बरेच शास्त्रज्ञ मानत. १८२८ साली व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला, हे आपण शिकवतो. पण त्याआधी १८२४ मध्ये त्यानेच सायनोजेनपासून ऑक्झॅलिक आम्ल मिळवलं होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. हम्बोल्टाइनची ओळख त्याच्याही तीन वर्षं आधीची. अर्थात या खनिजाने जीवनशक्तीचा सिद्धांत मोडला नाही, कारण कोळशाच्या थरातलं ऑक्झलेट मुळात वनस्पतींच्याच अवशेषांतून आलेलं. पण सेंद्रिय आणि असेंद्रिय यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी भक्कम नाही, याची ही एक जुनी खूण आहे.

गुणधर्म थोडक्यात

- रंग : पिवळा ते अंबरसारखा पिवळा.
- रूप : बहुतेकदा मातकट थर, पुटं किंवा बारीक दाणे. ठसठशीत स्फटिक क्वचितच.
- चकाकी : मंद किंवा राळेसारखी.
- काठिण्य : मोहच्या श्रेणीत १.५ ते २. नखाचं काठिण्य साधारण २.५, म्हणजे नखानेही यावर ओरखडा उठतो.
- घनता : पाण्याच्या सुमारे २.३ पट. लोह असूनही क्वार्ट्झपेक्षा हलकं.
- स्फटिक समूह : मोनोक्लिनिक.
- विद्राव्यता : पाण्यात फारच कमी, आम्लात विरघळतं.
- उष्णतेचा परिणाम : आधी पाणी निघून जातं. उघड्या हवेत आणखी तापवलं की लाल-तपकिरी लोह ऑक्साइड उरतं.

याची आतली रचना फळ्यावर सहज काढता येते. एक लोह, मग एक ऑक्झलेट, परत लोह, परत ऑक्झलेट अशी लांबच लांब माळ. प्रत्येक लोह अणूला दोन्ही बाजूंच्या ऑक्झलेटांचे मिळून चार ऑक्सिजन आणि वर-खाली पाण्याचे दोन रेणू धरून असतात.

सापडतं कुठे? आणि इतकं कमी का?

तपकिरी कोळसा म्हणजे लिग्नाइट, काळे शेल खडक आणि क्वचित ग्रॅनाइटी पेग्मटाइट, ही याची ठिकाणं. बोहेमियाशिवाय जर्मनीत आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात केटल पॉइंट इथे ते मिळालेलं आहे.

दुर्मीळ असण्याची कारणं समजून घेतली की रसायनशास्त्राचा छान सराव होतो.

पहिलं कारण कॅल्शियम. तो जमिनीत आणि पाण्यात जवळजवळ सगळीकडे असतो. ऑक्झलेट मोकळं झालं की बहुधा कॅल्शियमच त्याला पकडतो.

दुसरं कारण हवा. हम्बोल्टाइनला फेरस लोह लागतं. भरपूर हवा मिळाली तर फेरसचं फेरिक होतं आणि गंजासारखे पदार्थ तयार होतात.

तिसरं कारण सूक्ष्मजीव. मातीतले काही जीवाणू ऑक्झलेटवरच जगतात.

म्हणजे एकाच जागी वनस्पतींचे अवशेष हवेत, लोह हवं (कोळशात ते बऱ्याचदा पायराइटच्या रूपात असतं), कॅल्शियमची चढाओढ कमी हवी आणि हवाही बेताची हवी. एवढा योग रोज कुठे जुळून येणार?

याचे नातेवाईक

कॅल्शियमची दोन ऑक्झलेट खनिजं मुलांना आवर्जून सांगा. एक व्हेवेलाइट. ते विल्यम व्हेवेल यांच्या नावाने ओळखलं जातं. इंग्रजीत "सायंटिस्ट" हा शब्द घडवणारे ते हेच. दुसरं वेडेलाइट, अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळगाळात सापडलेलं. गंमत म्हणजे माणसाच्या मुतखड्यांत सर्वांत जास्त आढळणारे पदार्थ हेच दोन. कोळशाच्या खाणीत, समुद्राच्या तळाशी आणि आपल्या मूत्रपिंडात, तिन्हीकडे रसायनाचे नियम सारखेच!

मग व्याख्येचं काय करायचं?

आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेची १९९५ साली प्रसिद्ध झालेली व्याख्या सांगते की खनिज म्हणजे असं मूलद्रव्य किंवा संयुग, जे सामान्यतः स्फटिकरूप असतं आणि भूवैज्ञानिक प्रक्रियेतून तयार झालेलं असतं. यात "असेंद्रिय" हा शब्दच नाही. पदार्थ कशाचा बनलाय यापेक्षा तो कसा बनला, यावर भर आहे. आज मान्य असलेल्या सुमारे सहा हजार खनिजांपैकी काही डझन सेंद्रिय आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पाठ्यपुस्तकातली व्याख्या जरूर शिकवा, मुलांना परीक्षा द्यायची आहे. पण "असेंद्रिय"च्या आधी "बहुतेक" हा एक शब्द फळ्यावर लिहा. नियम आणि त्याचा अपवाद एकत्र शिकलेलं मूल पुढे गोंधळत नाही. अपवाद लपवून शिकवलेल्या मुलाला अकरावी-बारावीत आधीचं पुसून नव्याने शिकावं लागतं.

वर्गात घेण्याजोगा उपक्रम

सहा चिठ्ठ्या करा : सैंधव, हिमनदीतला बर्फ, मोती, दगडी कोळसा, खडीसाखर, मुतखडा. गटागटाने मुलांना तीन प्रश्न विचारू द्या. स्फटिक आहे का? रासायनिक संघटन ठरावीक आहे का? भूवैज्ञानिक प्रक्रियेतून बनलं का?

सैंधव आणि बर्फ तिन्ही प्रश्नांत पास होतात. कोळसा पहिल्या दोनच प्रश्नांत अडतो. खडीसाखर स्फटिक असली तरी माणसाने बनवलेली. मोती शिंपल्यात तयार होतो आणि मुतखडा शरीरात, म्हणून दोन्ही शेवटच्या प्रश्नाला नापास. मुतखड्यातला पदार्थ खडकात सापडला तर मात्र खनिज! इथे वर्गात वाद होईल. होऊ द्या. शेवटी हम्बोल्टाइनची सातवी चिठ्ठी काढा आणि निकाल मुलांनाच लावू द्या.

एक महत्त्वाची सूचना

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. गंजाचे डाग काढायला ते वापरतात, तेव्हा घरी असेल तर मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. फेरस ऑक्झलेट बंद नळीत तापवून त्या भुकटीच्या ठिणग्या उडवण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे, पण त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. तो वर्गात किंवा घरी करू नका. व्हिडिओ दाखवला तरी पुरे.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

१. कॅल्साइटमध्ये कार्बन असूनही त्याला असेंद्रिय का म्हणतात?
२. चुनखडीच्या प्रदेशात हम्बोल्टाइन सापडण्याची शक्यता कमी का?
३. खनिजाची व्याख्या तुमच्या शब्दांत लिहा आणि तिला न बसणारं एक उदाहरण शोधा.

तिसऱ्या प्रश्नाला दहा मुलांची दहा उत्तरं आली, तर तास कारणी लागला असं समजा. तुमच्या वर्गात यातून काय निघालं, ते जरूर कळवा.